पथ्याचा मासा

मुलांनो, फोनवर तुम्ही "मांजर दाखव" म्हणायचात आणि मी दर वेळी नवं कारण सांगायची. झोपली आहे, गच्चीवर गेली आहे, उजेड नाही. खरं म्हणजे तिच्या दोन्ही कानांपुढचे केस गेले होते. मान खाजवून खाजवून रक्ताळली होती. तुम्ही सिलिंडरमागून ओढून काढलेल्या त्या पिल्लाचं चांगलं दणकट मांजर झालं होतं, ते उन्हाळा लागल्यापासून पुन्हा पिल्लाएवढं व्हायला लागलं होतं. हे कॅमेऱ्यासमोर धरून वर "काळजी करू नका" म्हणणं मला जमलं नसतं. लिहिताना क्रमाने सांगता येतं, म्हणून लिहिते.

होटगी रोडकडे जनावरांच्या एक तरुण डॉक्टरबाई आहेत. टोपलीवर जुनी चादर बांधून मी तिला रिक्षातून तिथे नेलं. डॉक्टरबाईंनी कान पाहिले, मान पाहिली, वजन केलं आणि मला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की मला भीती वाटते.

"आजी, आतापर्यंत हिने काय काय खाल्लंय?"

मी सांगितलं. पाकिटातलं कोंबडीचं खाणं, दूध-भाकरी, दहीभात, पनीर, कधी तूप लावलेली पोळी.

"घर शाकाहारी दिसतंय."

"आम्ही लिंगायत. पाकीट बंद असतं म्हणून ते तेवढं चालवून घेतलं."

त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. ही अन्नाची ॲलर्जी वाटते, म्हणाल्या. कशाची ते रक्त तपासून नीट कळत नाही. एकच उपाय. तिने जन्मात न खाल्लेला एकच पदार्थ द्यायचा, दोन महिने, आणि त्याखेरीज काही नाही. "चाटायलासुद्धा नाही, आजी. बोटभर दुसरं पोटात गेलं तरी सगळे कष्ट वाया." आणि दुसरी गोष्ट. मांजर उपाशी राहता कामा नये. माणसासारखा मांजराला उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर यकृत बिघडतं आणि मग हातात काही उरत नाही.

म्हणजे बहुतेक सगळं बंद करायचं आणि तरी तिने खाल्लं पाहिजे.

आधी पुण्याहून ॲलर्जीच्या मांजरांसाठीचं खास खाणं मागवलं. तिने ते हुंगलं आणि पुढच्या पायाने फरशी खरडायला लागली, जणू ते पुरायचं आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग ताजा मासा. नुसता उकडलेला. आजच."

आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तुम्हाला आठवत असतील. त्यांचं माहेर उजनीच्या पाण्याकाठी. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"मासा? हितं? अक्का, तुमाला बरं न्हाई का?"

"मला नाही. हिला."

"चिलापी मिळंल की. माजा भाऊ दिसाआड मासळी घिऊन येतो मोटरसायकलवर." मग आवाज खाली आणून, "पर अप्पांना इचारलं का?"

अप्पा म्हणजे तुमचे आजोबा. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"या घरात मासा यायचा नाही," ते पेपरामागूनच म्हणाले.

"घरात नाही. मागे पत्र्याखाली शिजवते."

"वास आत येणार."

"खिडकी लावते."

"आणि तू?"

"मी आंघोळ करून आत येईन."

"ब्याड." रागावले की ते कन्नडात शिरतात, 'नको'चं 'ब्याड' होतं. "ब्याड म्हणजे ब्याड."

"मग काय करू? तिला उपाशी मारू?"

त्यांनी पेपराची घडी घातली. थोड्या वेळाने उठले, स्वयंपाकघरात आले आणि मागच्या बाजूची खिडकी स्वतःच्या हाताने लावून घेतली. त्यांचा होकार इतकाच.

पहिला मासा मावशींनी घरून शिजवून आणला. पिवळाधमक. त्यांनी हळद-मीठ लावलं होतं. "बिनहळदीचा मासा? आजाऱ्याला बी कुणी आसलं देत न्हाई, अक्का." तो परत पाठवावा लागला. मग मीच उभी राहिले. मागे पत्र्याखाली जुना स्टो, त्याचं वेगळं पातेलं, वेगळी गाळणी, दांड्याला लाल दोरा बांधलेला वेगळा चमचा. इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण माशाला मधे एक मोठा काटा असतो आणि बाजूला केसासारखे पन्नास, हे पुस्तकांत कुठे भेटलं नव्हतं. पदर नाकाला आणि चष्मा डोळ्यांना लावून मी काटे वेचायची. मावशी शेजारी बसून हसायच्या. "आता एकदा चाखून बगा की, कमीजास्त काय झालं का!"

पहिल्या दिवशी तिने वाटीतलं निम्मं खाल्लं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पाव वाटी. मग चार घास. मग वाटीभोवती फिरायची, वाकायची आणि निघून जायची. ऊन असं होतं की माणसालाही जेवावंसं वाटू नये. ती दिवसभर न्हाणीच्या फरशीवर पोट टेकून पडायची. मी मासा कोमट करून पाहिला, कुस्करून पाहिला, त्याचंच पाणी वर घालून पाहिलं. दोन घास गेले की ती मान खाजवायला बसायची. खपल्या सुकत नव्हत्या. एक सुकली की शेजारी नवी.

रोज संध्याकाळी मी घरातल्या दोघांना विचारायची, "आज हिला कुणी काही खायला दिलं?"

"नाही," आजोबा म्हणायचे.

"न्हाई बा," मावशी म्हणायच्या.

दोघेही खोटं बोलणारे नव्हेत. म्हणून माझा संशय माशावरच जायला लागला. चिलापीच तिला बाधत असेल तर पुढे काय? तिच्या तोंडात जाणारी ती एकच गोष्ट होती.

पुन्हा टोपली, पुन्हा रिक्षा. वजन आणखी उतरलं होतं. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा मणके एकेक दिसत होते. "खाजेचं इंजेक्शन आहे, पण इतक्या अशक्त मांजराला द्यायला मी कचरते," त्या म्हणाल्या. "चार-सहा दिवस बघू. खाल्लं नाही तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. आणि खरं सांगू? नळीवरची सगळीच मांजरं परत येत नाहीत."

घरी येताना मी टोपली मांडीवर घेतली होती. आत काही आहे असं वाटावं इतकंही वजन नव्हतं.

त्यानंतर पाणी यायचा दिवस आला. सोलापुरात पाण्याच्या दिवशी घर कसं पळतं ते तुम्ही पाहिलं आहे. मी एरवी आजोबांच्या पूजेच्या वेळी मागे माशापाशी असते. त्या दिवशी नळ सकाळीच आला, म्हणून स्टो न पेटवता मी भांडी गोळा करत सुटले आणि रिकामी कळशी घ्यायला देवघरात गेले.

आजोबांची पूजा संपत आली होती. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ते पूजा करतात आणि शेवटी वाटीतल्या दुधाचा नैवेद्य दाखवतात. लिंग पुन्हा गळ्यात घालून झालं होतं. मांजर त्यांच्या गुडघ्याला टेकून, आपली पाळी माहीत असल्यासारखी, बसली होती. त्यांनी उजव्या तळहातावर चमचाभर दूध घेतलं, स्वतः प्यायले. मग पुन्हा घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते शेवटच्या थेंबापर्यंत चाटलं. तिला काही इतक्या आवडीने खाताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

माझ्या हातातून कळशी सुटली.

"काय देताय तिला?"

"प्रसाद."

"रोज?"

"रोज. लहान होती तेव्हापासून."

"मी रोज विचारत होते! रोज संध्याकाळी, तुमच्या तोंडासमोर!"

"तू खायला दिलं का विचारत होतीस," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काही कळत नसल्याचे भाव होते. "प्रसाद खाण्यात कुठे धरतात? तू सोमवारी उपास करतेस, तेव्हा प्रसाद घेतेसच ना?"

घेतेच. मीच नव्हे, माझ्या आईने, सासूने, कुणीही प्रसाद खाण्यात धरलेला नाही.

आवाज ऐकून मावशी दारात आल्या. झाला प्रकार मी सांगितला. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"परसाद व्हय? त्यो तर मी बी दिला की. परवाच्या अमावस्येला, पेढ्याचा. एवढासाच. देवाचं हाय, नको कसं म्हनायचं?"

मी डोकं धरून बसले. बाहेर नळ वाहत होता आणि कुणीच बादली बदलायला उठत नव्हतं.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "दूध, पेढा, सगळं आजपासून बंद. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण मला आता निराळीच भीती होती. मासा ती जेमतेम चाटत होती. दिवसाकाठी तिच्या पोटात आवडीने जाणारी गोष्ट तो दुधाचा चमचाच असावा. तोही आपण काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आजोबा देवघराचं दार लावून पूजेला बसले. ती बाहेर ओरडत राहिली, दाराला नखं लावत राहिली. इतक्या वर्षांत त्यांची पूजा मी कधी अर्धवट पाहिली नाही. त्या दिवशी ते दोनदा मंत्र विसरले, आतून मला ऐकू आलं. मी मागे मासा शिजवला, वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने तोंड फिरवलं. दुपारी ठेवली. संध्याकाळी ठेवली. काही नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी तेच. मी डॉक्टरबाईंना फोन करायला चष्मा शोधत होते, तेव्हा मागचं दार वाजलं. आजोबा पत्र्याखाली आले होते. मासा सुरू झाल्यापासून त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आंघोळ व्हायची होती, अंगावर रात्रीची बंडी होती.

"काटे काढलेस?"

"काढले."

"नीट?"

"नीट."

ते पायरीवर बसले. मी वाटी पुढे केली, पण त्यांनी ती घेतली नाही. आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिले. ज्या माणसाने जन्मात मासा-मटणाला शिवलेलं नाही त्याला "घ्या" कसं म्हणायचं?

"डावा नको," ते शेवटी म्हणाले. "तिथे लिंग बसतं. उजव्यावर घाल. जेवायचा हात, तो धुता येतो."

मी लाल दोऱ्याच्या चमच्याने थोडासा मासा त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान दुसरीकडे केली. "काय गं बाई," म्हणाले. तुम्ही ठेवलेल्या इंग्रजी नावाला ती कधी आली नाही, पण या हाकेला येते. आली. हुंगलं. तिने आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली वाकली आणि चाटायला लागली. हळूहळू, पण थांबली नाही.

"झालं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"अजून मागतेय."

"घाल."

मावशी भांडी घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या. "अगं बया! अप्पा?"

"गावभर सांगू नको," आजोबा म्हणाले.

"आता ह्ये मी कुणाला सांगितलं तर माज्यावर इस्वास कोन ठिवंल?"

तेव्हापासून घरातला क्रम बदलला. आधी मासा, मग आंघोळ, मग दार लावून पूजा. हात ते राखेने घासतात, मग साबणाने, आणि तरी जेवायला बसले की एकदा हुंगून पाहतात. काही दिवस ती फक्त त्यांच्या हातचं खायची. मी हात पुढे केला तर नुसती बघायची. हळूहळू वाटीतलंही खायला लागली. एका कानापुढे मऊ राखाडी लव आली आहे. दुसरा कान अजून उघडा आहे. पाठीचे मणके मात्र आता शोधावे लागतात.

परवा डॉक्टरबाई म्हणाल्या, "दूधच होतं याची खात्री करायची असेल तर एकदा थोडं देऊन बघा. खाज परत आली तर कळलं." मला हे पटलं. एवढी यातायात केली तर शेवटी नक्की काय ते कळलंच पाहिजे. मी वाटीत चमचाभर दूध काढलंसुद्धा.

आजोबांनी ती वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"तिला पुन्हा खाजवायला लावून तुला काय मिळणार?"

"नक्की कळेल."

"मला नक्की कळायला नको," ते म्हणाले आणि दूध स्वतः पिऊन टाकलं.

म्हणून ते दूधच होतं, असं मी तुम्हाला खात्रीने सांगू शकत नाही. तुम्ही याल तेव्हा तिला मासा सोडून काहीही देऊ नका. बिस्किटाचा चुरा नाही, चॉकलेटचं बोट नाही, आणि देवाचं म्हणून कुणी हातावर ठेवलं तर ते तुम्हीच खा.