हमरापूरचा सत्कार आणि राहिलेली भूमिती

शिक्षकांचा सत्कार करायला निघालेली माणसं रस्त्याने फार खूश असतात. आम्हीही होतो. भाड्याच्या जीपमध्ये शाल, श्रीफळ, हार आणि मी. मी म्हणजे प्रमुख वक्ता. चार विनोदी सदरं लिहिली की माणूस कुठल्याही विषयावर बोलायला लायक ठरतो. बेत आमच्या मंडळाच्या अण्णांचा. पडत्या काळात हुशार मुलांना हात देणारे शिक्षक शोधायचे आणि त्यांच्या गावी जाऊन त्यांना गाठायचं. पहिले सापडले हमरापूरचे म्हात्रे सर.

सकाळी येतो असं कळवलं होतं. पण पनवेलपुढे रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता, हे ठरवण्यात वेळ गेला. त्यात हमरापूर मागे टाकून आम्ही आधी पेण गाठलं. तुम्हीही गाठा, मिसळ झणझणीत आणि स्वस्त मिळते. अण्णांनी बाजारातून पोह्याचे पापड घेतले, घासाघीस करून. हमरापूरला परतलो तेव्हा दुपार कलली होती.

सर गणपतीच्या कारखान्यात भेटले. छपराखाली बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीने बसलेले, आणि त्यांच्यात तितकेच पांढरे झालेले सर, गोणपाटावर बसून पॉलिश पेपरने एका मूर्तीचं पोट घासत होते. शेजारी उपड्या खोक्यावर वही ठेवून एक मुलगी गणित सोडवत होती. ही रंजना, सरांची हुशार विद्यार्थिनी. वडील रोह्याच्या कारखान्यात होते. गेटला टाळं लागलं आणि सगळं घर मूर्तीकामाला लागलं. दुसऱ्या दिवशी रोह्याला तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. मिळाली तर शाळा चालू, नाहीतर यंदाच बंद.

"तासाभराने केलं तर चालेल का?" सर हळूच म्हणाले. "भूमिती राहिलीय जरा."

"सर, उजेड गेला तर फोटो येणार नाहीत," अण्णा म्हणाले.

सर हात झटकून उठले. मुलीने वही मिटली, त्यांच्या जागी बसली आणि पॉलिश पेपर उचलला. वक्त्याला असं काही दिसलं की त्याची जीभ सुटते. "बघा मंडळी! गुरूंचा सत्कार चाललाय आणि शिष्या बाप्पाच्या सेवेत! हीच खरी गुरुदक्षिणा!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी थांबत नाही. माझ्या लहानपणीचे मास्तर, त्यांची छडी, सगळं काढलं. दिवे लागले तेव्हा मी समारोपाकडे वळत होतो.

रंजनाच्या आईने चहा आणला. "लय बोललाव, दादा."

मी मान लववून आभार मानले.

"तसा नाय," ती म्हणाली. "सर रोज तिच्या वाट्याच्या मूर्ती घासतात, तवा ती लिवते. सर उठलं का तिला बसाय लागतं. उद्या टेम्पो येतोय. आनि रातीला ट्यूब एकच, ती रंगाला."

"तिला घासता घासता शिकवता नाही येत?" मी सरांना विचारलं. विचारायला काय जातं?

"गणित कानाने होत नाय हो. हात मोकळा लागतो."

मग मी बाह्या सरसावून पॉलिश पेपर मागितला. थोड्याच वेळात एका गजाननाचा कान माझ्या हातात आला. रंजनाची आई म्हणाली, "दादा, तुमी भाषनच करा." सगळा कारखाना हसला. सर हसले नाहीत. ते शाल खांद्यावरून काढून परत गोणपाटावर बसले, पण वही दिसेल इतका उजेड उरला नव्हता.

रात्री आम्ही तिथेच मुक्काम केला आणि सकाळी आमच्याच जीपमधून सरांना आणि रंजनाला रोह्याला नेलं. वडखळ, नागोठणे, कोलाड. जीप अशी उडत होती की कंपास कागदावर टेकेना. कोलाडला वडे गरम मिळतात, थांबायला हरकत नाही. तिथे सरांनी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली. पंख्याने ती वाळायच्या आत रंजनाने ती वहीत उतरवली. वड्यांचे पैसे अण्णांनी घासाघीस न करता दिले.

रोह्याला ती परीक्षेला आत गेली आणि आम्ही कुंडलिकेच्या काठी बसलो. माफी कशी मागावी याची मी जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात सरच म्हणाले, "शाल बरी आहे हो. इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं. रात्री बायकोने दोनदा घडी मोडून पाहिली." रागावले असते तर बरं झालं असतं.

रंजना बाहेर आली.

"काय गो, कसा गेला?"

"वर्तुळाचं आलं, सर. बाकीची भूमिती सोडली."

"बरं. चल, भेळ खाऊ."

घरी आल्यावर लोकांनी विचारलं, ट्रिप कशी झाली. मी म्हणालो, छान, रस्ता तेवढा खराब. अण्णांनी पुढच्या सत्काराची शाल आणूनही ठेवली आहे. मग एका संध्याकाळी सरांचा एसटीडी बूथवरून फोन आला. शिष्यवृत्ती हुकली होती, थोडक्यात.

"सर, त्या दिवशी आमच्यामुळे..."

"पुढच्या वर्षी परत बसवतो तिला. शाळेत ठेवायला आई तयार झालीय, पण तिच्या वाट्याच्या मूर्ती कुणी भरून दिल्या तर. तुम्ही या ना. कान सोडून बाकीचं घासायला शिकवतो तुम्हाला."

येतो म्हणालो. कधी ते सांगितलं नाही. हे लिहिण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्या दोन संध्याकाळी मी तिथे घासत बसलो असतो, तर रंजनाचा हात मोकळा राहिला असता.