बदकांना घातलेली आंघोळ

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानाने पोरच, आणि आपल्याला सगळं कळतं असा माज अंगात होता. तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर मी बदक काढत आले होते. चोच चपटी, पायाला पडदे, बदक पाण्यात पोहते. वर्गातल्या कुणी किंवा मी स्वतः जिवंत बदक कधी हातात धरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग ह्यांनी मंगळवारच्या बाजारातून बदकाची चार पिल्लं आणली. छातीच्या ऑपरेशननंतर हे गप्प गप्प असायचे. बाल्कनीत बसायचं, चहा घ्यायचा, दिवस संपला. बुटाच्या खोक्यातून ती पिवळी चिवचिव घरात आली आणि ह्यांना तोंड फुटलं. "काय रे, जेवलात का?" चाळीस वर्षांत मला कधी विचारलं नव्हतं. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर बदकं पाळणं हा वेडेपणा आहे, असं मी पहिल्याच दिवशी ऐकवलं. तिसऱ्या दिवशी ती मला आवडायला लागली, ते मात्र सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. हे तपासणीला दवाखान्यात गेले होते. मी कपड्यांचा टब काठोकाठ भरला आणि चारी पिल्लं त्यात सोडली. पाण्यासाठी पाच पाच दिवस वाट बघणाऱ्या गावात जावयालासुद्धा आंघोळीला एवढं पाणी मिळत नाही. ती पोहली. आपला धडा खरा निघाला म्हणून मी टबाशेजारी स्टूल टाकून चहा प्यायले. आणखी पोहू देत म्हटलं.

हळूहळू पिल्लं जड झाली. पिसं भिजून अंगाला चिकटली, माना खाली आल्या. बाहेर काढली तर नुसती थरथरत होती, पाय टाकेनात.

भाकऱ्या करायला येणाऱ्या मावशींनी ते दारातूनच पाहिलं. मंगळवेढ्याकडे त्यांच्या भावाची मेंढरं आणि शेततळ्यावर दहाबारा बदकं होती.

"बाई, ही काय भिजत घालायची मटकी हाय व्हय?"

"अहो, बदक पाण्यातच..."

"मोठं बदक! ह्यांची आय कुटं हाय हितं? आयच्या पोटाखाली बसल्याबिगर पिसांना तेल लागत न्हाय. लई गारठल्यात. साळंत हेच शिकवत होता की काय?"

मी टॉवेल आणायला आत गेले.

मावशींनी पिल्लं पुसून खोक्यात ठेवली, वर बल्ब टांगला. हे आले तेव्हा मी तयारच होते. "बाजारवाल्यानं आजारी पिल्लं गळ्यात मारली तुमच्या," मी म्हटलं. आतून भाकरी जरा जास्तच जोरात थापल्याचा आवाज आला.

"मंगळवारी जाऊन विचारतोच त्याला," हे म्हणाले.

संध्याकाळपर्यंत एक गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक. ह्यांनी दोन्ही बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरली आणि पुन्हा गप्प झाले. राहिलेली दोन गेली असती तर ही शांतता माझ्या नावावर कायमची लागली असती.

जनावरांच्या डॉक्टरांनी पायांत जोर येण्यासाठी व्हिटॅमिनचं औषध दिलं. ते ड्रॉपरनं चोचीत सोडायचं, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून भरवायच्या, खालचा कपडा बदलायचा, हे मी दिवसातून चार वेळा करत होते. एक पिल्लू उभं राहिलं. दुसरं पाय फाकून पडलेलं. "ऊठ" म्हणताना माझा वर्गातला आवाज लागायचा. वर्ग भीतीनं उठायचा. हे काही घाबरत नव्हतं.

मंगळवारी ह्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या. टाके घातलेल्या छातीनं हा माणूस भर बाजारात कुणा बिचाऱ्याशी भांडणार!

"अहो, थांबा. त्याची काही चूक नाही. मीच पिल्लांना टबात सोडलं होतं."

"माहितीये."

"मावशींनी सांगितलं?"

"त्या कशाला सांगतील? पाणी आल्याच्या दिवशी आपला टब रिकामा, आणि काठाला पिवळी पिसं. मी काय आंधळा आहे? तू कधी सांगतेस ते बघत होतो."

"मग आता बाजारात कशाला?"

"मेथी आणायला."

ऑपरेशननंतर हे एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलले, आणि तेही माझ्याविरुद्ध.

मी खोक्याशी जाऊन बसले. पिल्लू तसंच पडलेलं होतं. त्या दिवशी मी त्याला ऊठ म्हटलं नाही, नुसतं औषध पाजलं. चारपाच दिवसांनी ते उठलं, पण एका पायानं लंगडंच राहिलं.

मोठी झाल्यावर दोन्ही बदकं मावशींच्या भावाकडे दिली. पुढे आम्ही बघायला गेलो. लंगडं डुलत डुलत तळ्यापर्यंत आलं आणि आपलं आपण पाण्यात उतरलं. पाण्यात ते लंगडत नव्हतं.

हे बांधावर बसले होते. फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा हात करून मला म्हणाले, "लिहून घ्या. बदक पाण्यात पोहते."

मी पिशवीतून भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि ह्यांना वाढली. चटणी जरा जास्तच.