उकळलेली फडकी

त्या नर्सबाईचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. आज इतक्या वर्षांनीही तो पूर्ण गेलेला नाही.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमचं गाव वणा नदीच्या काठी, आणि गावापासून चार कोसांवर, हिंगणघाटच्या वाटेवर, आजूबाजूच्या गावांनी वर्गणी काढून एक दवाखाना बांधला होता. वर कवेलूंचं छप्पर, पुढे लांब पडवी, आत सहा खाटा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे ती नर्सबाई. पुण्याकडची होती, विधवा होती, आणि पुस्तकात छापल्यासारखं बोलायची. दर बुधवारी गरोदर बायकांना पडवीत ओळीनं बसवायची आणि एकेकीला आधी नखं दाखवायला लावायची. नखांत माती दिसली की, "ऊठ. कापून ये. मग पोट बघते." कुणी पहाटे निघून पायी आलेली असो, तिला त्याचं काही नव्हतं.

मी गेले ती दुसऱ्या खेपेला. पहिलं बाळंतपण घरीच झालं होतं. मुलगा होता. आठव्या दिवशी गेला.

सातवा महिना होता. नर्सबाईनं वहीत माझं नाव, गाव लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "पहिलं मूल कुठे आहे?"

"गेलं."

"कितव्या दिवशी?"

"आठव्या."

"आधी दूध ओढायचं थांबलं? तोंड उघडेना? हात लावला की अंग ताठ व्हायचं?"

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गावात सगळे म्हणत होते की लेकराला बाहेरचं लागलं.

"हो," मी म्हटलं.

"नाळ कशाने कापली?"

"इळ्यानं."

"वर काय लावलं?"

"चुलीतली राख."

तिनं लेखणी दौतीत बुडवली. "मग दुसरं काय होणार होतं?" म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बस, एवढंच. माझ्या दोन्ही बाजूंना आठ-दहा बायका बसलेल्या. त्यांच्यासमोर तिनं माझ्या लेकराच्या मरणाची गोष्ट अशी मिटवून टाकली, जशी बाजारात भाजीवाली कुजकं वांगं बाजूला टाकते. मी उठले आणि चालू लागले. मागून तिचा आवाज आला, "नवव्या महिन्यात येताना जुन्या लुगड्याची बारा फडकी, उकळून, उन्हात वाळवून, गाठोडं बांधून आण. गाठोडं नसेल तर खाट नाही."

चार कोस चालताना मला एकच गोष्ट दिसत होती. तो गवत कापायचा इळा कुणाच्या हातात होता ते.

सुईण उशिरा आली होती त्या दिवशी. नाळ माझ्या सासूनं कापली होती. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. स्वतःच्या सात बाळंतपणांतली पाच लेकरं त्यांनी वाढवली होती, आणि दोन गेली होती. ती दोन कशानं गेली, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. गावात कुणाच्याही घरी बाई अडली की आत्याबाईंना बोलावणं यायचं, आणि त्या इळा कमरेला खोचून जायच्या.

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांच्या हातचं पाणीही कडू लागू लागलं.

आमच्याकडे लेकरू जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही करायचं नाही अशी रीत. झबलं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही, नाव काढायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात. तेव्हा बारा फडकी करायची तर लपूनच करावी लागणार होती. माझ्याकडे माहेरचं एक मऊ झालेलं लुगडं होतं. आत्याबाई कापूस वेचायला गेल्या की मी चुलीवर पितळी गंजात पाणी चढवायचे, दोन-दोन फडकी उकळायचे, आणि मागच्या कुडावर वाळवून धान्याच्या कोठीमागे ठेवायचे. दीड महिना हे चाललं. माझे यजमान शाळामास्तर होते. त्यांना माहीत होतं. पोरांना ते आरोग्याचा धडा शिकवायचे, पाणी उकळून प्यावं वगैरे. घरी एकदा मला फडकं पिळताना पाहिलं तर म्हणाले, "मायच्या नजरेस पडू देऊ नको." तेवढंच बोलले.

पण पडायचं ते नजरेस पडलंच. एके दुपारी आत्याबाई शेतातून लवकर परतल्या. मी नदीवर होते. आले तेव्हा गाठोडं अंगणात सोडून पडलेलं, आणि त्या पायरीवर बसलेल्या.

"हे काय होय?"

"फडके आहेत."

"कोणाचं मढं बांधून राह्यली? लेकरू पोटात आहे अन् आत्तापासून फडके जमा करून राह्यली? पहिलं असंच खाल्लं तुनं. आता दुसऱ्याच्या मांगं लागली?"

"दवाखान्यात लागते थे."

"दवाखान्यात!" त्या उठल्या. "माह्या हातानं अर्ध्या गावाचे लेकरं झाले. तुले काऊन पाह्यजे दवाखाना? माहे हात सडले का?"

असं म्हणून त्यांनी सगळी फडकी गोळा केली, मागच्या दारानं गेल्या, आणि उकिरड्यावर टाकून पायानं शेणात दाबली. मी त्यांच्या मागोमाग गेले. मी पाहिलं ते पांढरं कापड हिरवं होत जाताना. आणि दीड महिना जे तोंडात धरून ठेवलं होतं ते बाहेर आलं.

"हो, सडले. तुमच्या इळ्यानंच मेलं माहं लेकरू. तुम्हीच मारलं त्याले. दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं मले."

आत्याबाईंचा पाय तसाच शेणात राहिला. मला वाटलं होतं त्या अंगावर येतील, झिंज्या धरतील. तयारीतच होते मी. पण त्या नुसत्या स्वतःच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

यजमान शाळेतून आले होते. दारात उभं राहून म्हणाले, "हळू बोला न. लोकं आयकतात."

मला त्या क्षणी त्या दोघांपैकी कुणाची जास्त चीड आली, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे एक म्हातारबा कापसाची बैलबंडी घेऊन हिंगणघाटच्या जिनिंगला निघाले होते. मी एक लुगडं आणि दोन भाकरी बांधून त्यांच्यापाशी गेले. ते म्हणाले, "रस्त्यात झालं त मी काय करू, बाई? माहा कापूस खराब होईन." मी म्हटलं, "कापसाले काही होणार नाई," आणि त्यांच्या हो-नाहीची वाट न बघता जुवाच्या मागं बसले. दवाखाना येईपर्यंत ते बैलांशीच बोलत राहिले. घरून कुणी हाक मारली नाही की कुणी मागे आलं नाही.

नर्सबाईनं पोट तपासलं. "अजून पंधरा दिवस आहेत. परत जा."

"नाही जाणार."

"ही धर्मशाळा नाही."

"पडवीत बसीन."

"गाठोडं कुठे?"

"उकिरड्यावर."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. दया नव्हती त्या बघण्यात. चार पैशांची वस्तू घ्यावी का न घ्यावी, असं काहीतरी होतं. मग तिनं आतून फाटक्या चादरी आणून माझ्या पुढ्यात टाकल्या. "फुकट कुणी राहत नाही इथे. आधी हात धू. साबणाने. कोपरापर्यंत."

मी धुतले.

"परत."

मी परत धुतले. तिसऱ्यांदाही धुवायला लावले. नंतर चादरी फाडल्या, चुलीवर उकळल्या, दोरीवर घातल्या, घड्या केल्या. बाराची चवड झाली तेव्हा एक फडकं हातातून निसटून खाली पडलं. मी उचलून ठेवलं. तिनं लांबून पाहिलं, आली, आणि अख्खी चवड पाण्याच्या हंड्यात टाकली. "पहिल्यापासून."

"एकच पडलं होतं!"

"मग एकच मूल जाईल."

रडले नाही मी. तिच्यासमोर रडायचं नाही एवढं ठरवलं होतं. अकरा दिवस मी तिथं राहिले, पडवीत झोपले, आणि स्वतःसाठी बारा आणि दवाखान्यासाठी किती ते मोजलं नाही इतकी फडकी केली. ती माझ्याशी काम सोडून बोलली नाही. मीही नाही. बाकीच्या बायका म्हणायच्या, हिचं अन् नर्सबाईचं मागच्या जन्माचं वैर आहे.

बाराव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी ऊन पडवीतून उतरायच्या आत सगळं झालं. नर्सबाई सारखी ओरडत होती. ओरडू नको, ताकद खाली लाव, मांडी सोड. एकदा तिनं माझ्या मांडीवर फाटकन मारलंही. मग लेकराचा आवाज आला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या हाताकडे.

"कात्री दाखवा मले."

"काय?"

"उकळली का? दाखवा."

तिचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"नाई."

लेकरू रडत होतं. नाळ तशीच होती. मला वाटलं आता ही मला खाटेवरून खाली ढकलते. पण तिनं चिमट्यानं उकळत्या भांड्यातून कात्री उचलली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यातून वाफ निघत होती, पाणी टपकत होतं. एक थेंब माझ्या दंडावर पडला आणि चरचरला.

"दिसली?"

"दिसली."

मग तिनं नाळ कापली. मुलगी होती.

पाचव्या दिवशी यजमान आले. दारातूनच हात पुढे करून लेकराकडे यायला लागले तशी मी ओरडले, "आधी हात धुवा! कोपरापर्यंत!" ते बिचकले. गेले, धुऊन आले. मी परत पाठवलं. आत्याबाईंचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आठव्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत मी मुलीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. ती दूध ओढत राहिली. नवव्या दिवशी नर्सबाई म्हणाली, "आता खाट रिकामी कर." निघताना मी तिला नमस्कार केला नाही.

घरच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. मग हात पदराखाली घेतले आणि बाजूला झाल्या. मुलीला त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी नाही, बारशाला नाही, नंतरही नाही. गावातल्या बाळंतिणींकडे जाणं त्यांनी थांबवलं. बोलावणं आलं की म्हणायच्या, "दवाखान्यात न्या." गावात कुजबुज झाली की सासू नातीला हात लावत नाही, मुलगी झाली म्हणून असेल. मी ऐकलं आणि कुणाला खरं सांगितलं नाही.

एकदा मी जात्यावर होते आणि पोर रडरड रडत होती. मी वैतागून म्हटलं, "घ्या न आत्याबाई जराशी."

त्या म्हणाल्या, "माह्या हाताले काय लागलं आहे, थे तुले माहीत आहे."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुम्ही मुद्दाम केलं नाही, इतकं सोपं वाक्य. जिभेवर आलंही होतं. पण मला उकिरड्यावरची फडकी आठवली, "तुनं खाल्लं" हे आठवलं, आणि मी दळत राहिले.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा एका दुपारी आत्याबाई अंगणात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. ती तुरुतुरु गेली, सूप बाजूला लोटलं आणि त्यांच्या मांडीत चढून बसली. आत्याबाईंनी दोन्ही हात वर उचलून धरले, पिठानं भरलेले असावेत तसे. पोर त्यांच्या पोटाला टेकली आणि झोपली. त्या हात तसेच अधांतरी धरून बसून राहिल्या, किती वेळ कोण जाणे. मी दारातून पाहिलं. मग आत गेले आणि चूल पेटवली.