बाबांचा ‘ओव्हर’

दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारी स्वानंदी एका संस्थेत सहा महिन्यांच्या करारावर प्रोग्राम लिहीत होती. करार वाढणार की नाही हे शुक्रवारी ठरायचं होतं, आणि तिचा प्रोग्राम सोमवारपासून अडून बसला होता.

कम्प्यूटरमध्ये कंटेनर नावाचा एक वेगळा कप्पा असतो. त्यातल्या शेलला, म्हणजे हुकूम घेऊन उत्तर देणाऱ्या भागाला, प्रोग्रामने एकामागून एक कमांड द्यायच्या, एवढंच काम. आधी ती प्रत्येक कमांडला नवा शेल उघडायची. नव्या शेलला मागचं काही आठवत नसे. आत्ताच कुठल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं होतं, तेही नाही. मग तिने एकच शेल कायम उघडा ठेवला. त्याला सगळं आठवू लागलं, पण आता उत्तर आलं तरी प्रोग्राम आणखी काही येईल म्हणून ताटकळत बसे. उत्तर संपलं हे त्याला कळतच नव्हतं.

गुरुवारी दुपारी करोल बागेतून बाबांचा फोन आला. दत्तात्रयराव सरकारी वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षांच्या सवयीने घरच्या फोनवरही बोलून झालं की ‘आता तुमची पाळी’ या अर्थी ‘ओव्हर’ म्हणायचे आणि पलीकडून ‘ओव्हर’ येईपर्यंत थांबायचे. कॉलेजात मैत्रिणी हसल्या, तेव्हा स्वानंदीने बाबांनाच फटकारलं होतं. मुलं असल्या बाबतीत फार शहाणी असतात. तेव्हापासून ते तिच्याशी बोलताना तो शब्द गिळत.

“काम कसं चाललंय?”

“ठीक.”

मग दोघंही गप्प. मग दोघं एकदम बोलले आणि एकदम थांबले.

“बोल ना, बेटा.”

“नाही, तुम्ही बोला.” ती स्क्रीनकडे बघत राहिली. “बाबा, मी नंतर करते फोन.”

तिने प्रत्येक कमांडमागे एक ओळ जोडली: ‘ओव्हर’ असं छाप. उत्तरातच तो शब्द आला तर घोटाळा नको म्हणून त्याला एक लांबलचक नंबर चिकटवला. तो दिसला की प्रोग्रामने पुढची कमांड द्यायची. चाळीस कमांड सुरळीत पार पडल्या.

शुक्रवारी संस्थेतल्या मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “अच्छा, ये ओव्हर क्या है?”

“मेरे पापा का है,” स्वानंदी म्हणाली.

करार वर्षभर वाढला. तिने लगेच घरी फोन लावला.

“बाबा, झालं काम. आणि तुम्ही पूर्वीसारखं ओव्हर म्हणत जा. तेव्हा मला लाज वाटली, ते माझं चुकलंच.”

पलीकडे शांतता. तिला वाटलं, फोन कट झाला. मग तिच्या लक्षात आलं.

“ओव्हर,” ती म्हणाली.

“शाब्बास,” बाबा म्हणाले. “जेवलीस का? ओव्हर.”