डेव्हनच्या नदीला पाणी

नातीने इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातून तिथल्या नदीचा व्हिडिओ पाठवला आणि माझे तळहात चुरचुरले.

बहात्तरच्या दुष्काळात, नेवाशाजवळच्या आमच्या शाळेत, इंग्रजीचे सर डेव्हनवरचा धडा शिकवत होते. हिरव्या टेकड्या, जुने किल्ले, लेखकांची घरं. मी सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून आले होते. हातांना फोड आले होते.

"तिथल्या नद्या सांग," सर म्हणाले.

"सर, त्यांना पानी हाय का?" मी खरंच विचारलं. आमची प्रवरा कोरडी होती.

वर्ग हसला. सरांनी हात पुढे करायला लावले. फोड फुटले. ओली छडी रुमालाने पुसून त्यांनी पुढचं वाचलं, "डेव्हनमध्ये पाऊस भरपूर पडतो."

सर आता अंथरुणाला खिळलेत म्हणे. उद्या त्यांना हा व्हिडिओ दाखवायला जाणार आहे.

"सर, पानी हाय," म्हणेन. "करा हात पुढे."