गल्लीच्या गेटची तक्रार

बेंगळुरूच्या बनशंकरीतली आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते. सिग्नल चुकवायला दुचाकीवाले तिच्यातून सुसाट जायचे, म्हणून रहिवासी संघाने एका तोंडाला लोखंडी गेट बसवलं. तेव्हा मी संघाच्या कमिटीत नवीनच होते. पुणं सोडून आल्यावर चार ओळखी व्हाव्यात म्हणून स्वतःहून नाव दिलं होतं. झाडांना पाणी, ओला-सुका कचरा, गणपतीचा मांडव अशी कामं मी आवडीने करत होते.

एका सकाळी महापालिकेची माणसं आली आणि गेट कापून घेऊन गेली. रस्ता अडवल्याची तक्रार होती. कोणी केली ते सांगेनात. "तुमच्याच गल्लीतून आली," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीतलं बोलणंच आटलं. दाराशी गप्पा मारणाऱ्या बायका मी जवळ गेले की भाजीचा विषय काढायच्या. आपल्याबद्दलच बोलत असणार, असं मला वाटायचं. बाकीच्यांनाही तसंच वाटत असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते, शब्द मोजून बोलणारे. बैठक संपल्यावर त्यांनी मला मागे थांबवलं. "मॅडम, कोपऱ्यावरच्या अक्कांच्या मुलाचं दुकान आहे. मालाचा टेम्पो गेटमुळे अडायचा. त्या घरात तुमचीच भाषा बोलतात. जरा मोकळं बोलून बघा ना."

मला ते आवडलं नाही, पण गेले. खरं सांगायचं तर माझाही अक्कांवरच संशय होता.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. "ये गं, बस. स्वल्प कॉफी घे," म्हणत त्यांनी स्टीलचा पेला पुढे केला. टेम्पोचा विषय कसा काढावा याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तोवर त्यांनीच सुरू केलं. "तुझा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो ना? ऑफिसची गाडी दारात येते?"

"हो."

"गेट होतं तेव्हा कुठे यायची?"

"पलीकडच्या रस्त्याला. चालत जावं लागायचं."

"म्हणजे त्रासच की गं."

मी पेला खाली ठेवला. "अक्का, हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं?"

त्यांनी पदराने उगीच तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "आधी तू सांग. कधी उंबरा चढली नाहीस, आज कशी आलीस?"

"अध्यक्षांनी पाठवलं."

"सरी, आलं लक्षात!" त्यांनी कपाळाला हात लावला. "मला पण त्यांनीच. म्हणाले, नवीन लोक आहेत, तुमच्या भाषेत बोलून बघा."

मला हसू आलं नाही, अपमानच वाटला. अक्का मात्र उठल्याच. "येत्या बैठकीला मी पण येते. तुझ्या शेजारी बसते."

आल्या, आणि भर बैठकीत त्यांनी कन्नडमध्ये अध्यक्षांना विचारलं, "आम्हा दोघींना एकमेकींच्या मागे का लावलंत?"

अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "गल्लीच्या भल्यासाठी विचारलं."

तेवढ्यात खजिनदार म्हणाले, "मलाही डॉक्टरांबद्दल विचारायला सांगितलं होतं." गल्लीतल्या डॉक्टरबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आणि मला तुमच्याबद्दल!" मग एकेकाने तोंड उघडलं. खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याच्यावर दुसरा कोणी नेमलेला नव्हता.

अध्यक्षांनी महिन्याभरात पद सोडलं. गेट पुन्हा बसलं नाही. रस्त्यावर गतिरोधक घालून घेतले, ते काम अक्कांनी आणि मी मिळून केलं. तक्रार कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या बैठकीहून घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं होतं. लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला, "मी नाही केली हं."

मी त्याला विचारलंच नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन कणीक भिजवायला घेतली. त्याच्यावर माझा विश्वास आहे. अक्कांवरही आहे. तरी महापालिकेची गाडी गल्लीत वळली की मी खिडकीशी जाते आणि ती कोणाच्या दाराशी थांबते ते बघते.