मानाबेबाईंचा रविवार

जपानमधल्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कागद कारखान्याचं बांधकाम संपलं तेव्हा पुजारी येऊन गेला, शुभारंभाचं म्हणून साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, पिंप फोडून झालं, ठेकेदार फोटो काढून निघून गेले. नवं मशीन चालतं करायला मागे उरलो आम्ही आणि आमच्या प्रमुख, चिझुरू मानाबे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या.

आधी पाइपांतून जोरात वाफ सोडून आतला कचरा उडवायचा होता. त्याचा आवाज कान फाडणारा. म्हणून बाई आदल्या दिवशी भेट द्यायला टॉवेलांचे पुडके घेऊन शेजारच्या घराघरांत माफी मागून आल्या. एक आजोबा म्हणाले, मला मुळात ऐकूच येत नाही, पण टॉवेल ठेवून जा.

मग मशीनवर लगदा चढला आणि कागद तुटायला लागला. सारखा भोंगा वाजे, आम्ही गुडघाभर ओल्या कागदात उतरून तो उपसायचो. आमचा पाळीप्रमुख इगावा हाक मारी आणि बाई घास टाकून धावत येत. त्यांनी हात घातला की कागद सरळ चाले. आम्हाला सवयच लागली. भोंगा वाजला की मशीनच्या आधी आम्ही बाईंकडे बघायचो.

हे ओळखलं त्यांच्या नवऱ्याने. "तू तिथे उभी असेपर्यंत ती माणसं शिकायची नाहीत," तो म्हणाला.

बाईंना ते झोंबलं, पण पटलं. रविवारी त्या बहिणीच्या संत्र्यांच्या बागेत निघाल्या. इगावाला म्हणाल्या, "कुणाला लागलं किंवा आग लागली तर फोन कर. कागद तुटला तर नको."

"आणि सारखाच तुटला तर?"

"वेग कमी कर. किती, ते तुझं तू ठरव."

कागद सकाळीच तुटला. इगावा थोडा वेळ फोनकडे बघत राहिला, मग त्याने वेग उतरवला. पुन्हा तुटला तेव्हा कागदाची कड जास्त वाळून कडक होतेय हे आमच्या लक्षात आलं. आम्ही कागद वाळवणाऱ्या गरम रुळांमधली वाफ कमी केली. त्यानंतर भोंगा वाजलाच नाही.

संध्याकाळी बाई जवळजवळ पळतच आल्या. सगळे आपापल्या कामात होते.

"कुणीच फोन केला नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात ना, बाई."

क्षणभर त्या रुसल्यासारख्या दिसल्या. मग हसू लागल्या आणि त्यांनी इगावाला विचारलं, वेग कसा ठरवलास? त्यांच्याकडूनच शिकलेलं सगळं इगावाने त्यांना हातवारे करून समजावलं. बाईंनी मधे एकदाही न बोलता ते ऐकून घेतलं.